रविवारचा पाय

नाताळ अंकासाठी काहीतरी लिहा, असा निरोप घेऊन आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी घरी आले तेव्हा मी ओट्याशी उभा राहून कोथिंबीर निवडत होतो. विषय त्यांनीच ठरवून आणला होता. देवाने दिलेलं कृपादान मी मंडळीच्या सेवेत कसं वापरलं, यावर लिहायचं. मी म्हटलं, "अहो, मला गाता येत नाही, वाजवता येत नाही. चारचौघांत उभं राहून प्रार्थना करा म्हटलं तर तोंडाला कोरड पडते. माझ्याकडे कुठलं आलंय कृपादान?" ते म्हणाले, "ते तुम्ही बघा, साळवेभाऊ. चार पानं झाली तरी पुरे." आणि चहा पिऊन निघून गेले.

तेव्हा ही चार पानं. सुरुवात धंद्यापासूनच करतो, कारण मला दुसरं काही येत नाही.

तीसहून अधिक वर्षं मी हैदराबादच्या एका सरकारी दवाखान्यात माणसांचे पाय बनवले. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याशेजारी, आमचा कारखाना होता. पाटीवर लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण ते कधी कुणी उच्चारलं नाही. रिक्षावाल्याला "पाँव के कारखाने पे छोड़ो" म्हटलं की तो बरोबर आणून सोडायचा.

लोकांना वाटतं, पाय म्हणजे कपाटातून काढायचा आणि लावून द्यायचा. तसं नसतं. आधी उरलेल्या पायावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायचा. त्या साच्यात प्लास्टर ओतलं की त्या पायाची हुबेहूब प्रत हाती येते. मग ती कानशीने घासत बसायचं. जिथे मांस आहे, भार सोसेल, तिथे घासायचं. जिथे हाड वर आलंय तिथे उलट भर घालायची, म्हणजे तयार पायात त्या जागी पोकळी राहते आणि हाड बोचत नाही. त्या प्रतीवर तापवलेलं प्लास्टिक ओढून उरलेला पाय बसेल अशी खोबण करायची, खाली नळी, नळीखाली रबराचं पाऊल. हे सगळं झालं की माणसाला दोन दांड्यांच्या मधून चालवायचं आणि आपण गप्प उभं राहायचं. पाय जमला की नाही ते मला बघण्याआधी ऐकू यायचं. दोन्ही पावलांचा आवाज सारखा आला की समजायचं, आजचा दिवस सार्थकी लागला.

साचा घेण्याआधी प्रत्येकाला विचारायचे प्रश्न ठरलेले होते. घर कितव्या मजल्यावर? काम उभ्याचं की बसून? संडास कसला? बस चढावी लागते का? हे मी इतक्यांदा विचारलं की झोपेतसुद्धा विचारीन. पण माणसं प्रश्नांच्या बाहेरची उत्तरं घेऊन यायची, आणि खरा धंदा मला त्यांनी शिकवला.

एकदा नलगोंड्याकडची एक तरुण तेलुगू बाई आली. अपघातात पाय गेलेला. नवा पाय घालून ती दांड्यांमधून झोकात चालून आली, मी खूश. तिने खाली रबराच्या पावलाकडे बघितलं आणि विचारलं, "अन्ना, मेट्टेलु एक्कड पेट्टालि?" जोडवी कुठे घालू? पावलाला अंगठा तेवढा सुटा होता, बाकीची बोटं नुसती कोरलेली. मी म्हटलं, अम्मा, चालता येतंय ना? ती त्या बोटांकडेच बघत राहिली. मी पाऊल परत घेतलं, धारदार सुरीने दुसरं बोट सोडवलं आणि जोडव्यापुरती खाच केली. ती जोडवं घालून परत दांड्यांमधून चालली तेव्हा पहिल्यापेक्षा चांगली चालली. असं का व्हावं ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

दुसरे चारमिनारकडचे एक वयस्क शिंपी. साखरेच्या आजाराने गुडघ्याखालून पाय काढलेला. मी चालण्याचं बोलायला लागलो तर मला थांबवून म्हणाले, "साब, चलाना तो आप सब कू चला देते. मेरेकु बैठना है. मसजिद में कुर्सी पे बैठूँ तो नमाज में बैठा हूँ बोलके लगताइच नै मेरेकु." त्यांच्यासाठी मी तीन आठवडे डोकं लढवलं. खोबणीची मागची भिंत उंच असली की गुडघा वाकवताना ती मांडीमागच्या शिरांत घुसते. ती मी कापून खाली आणली, काठ बाहेर वळवला. गुडघ्याच्या वाटीपुढे मऊ अस्तर लावलं. आणि मशिदीत चपला काढून जावं लागतं हे ध्यानात ठेवून पाय अनवाणी चालीला बसवला. महिन्याने ते उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन आले. दारातूनच म्हणाले, "बैठ गया साब." ती बिस्किटं आमच्या कारखान्याने चहात बुडवून खाल्ली आणि मी पुढे कितीतरी वर्षं ती गोष्ट लोकांना सांगत राहिलो. अभिमान म्हणायचा तर तो हा.

आता मंडळीकडे येतो. जालन्याकडून आमचे वडील निजामाच्या काळात इकडे आले आणि त्यांच्यासारखी आणखी काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं. नारायणगुड्याकडे एका मोठ्या तेलुगू चर्चच्या मागे छोटा हॉल आहे, तिथे आमची मराठी उपासना भरते. तीस-पस्तीस घरं. पोरांना मराठी वाचता येत नाही, ती गीतं इंग्रजी अक्षरांत लिहून आणतात. पण उपासना मराठीतच होते, यावर म्हातारी माणसं हटून बसलेली आहेत.

मी भजनमंडळात होतो. सेवा म्हणजे गाणं, अशी माझी पक्की समजूत. तरुणपणापासून दर रविवारी वेदीच्या बाजूला उभं राहून, वही डोळ्यांसमोर धरून, मोठ्या आवाजात गायचो. आवाज मोठा आहे हे सगळेच म्हणायचे. बाकी काही म्हणायचे नाहीत, आणि त्याचं कारण माझ्या कधी लक्षात आलं नाही. मग नवे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, आले. वयाने माझ्या मुलाएवढे, स्वभावाने गरीब. एका रविवारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, तुमचा उत्साह दांडगा आहे. पण तुम्ही सुरू झालात की बाकीचे सूर विसरतात. आता जरा बसून ऐकता का?"

मला फार लागलं. घरी येऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, "एवढी वर्षं मंडळीने सोसलं, त्याचे आभार माना." नंतरच्या रविवारी मी रुसून शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. तो महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणजे प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत वेदीपुढे भाकर घ्यायचा.

शेवटच्या बाकावर सुगंधाबाई बसल्या होत्या.

सुगंधाबाई बरकतपुऱ्याला राहतात. शाळेत शिक्षिका होत्या, विधवा, मुलगा-सून जवळ. प्रभुभोजनाची भाकर त्या करतात. त्यांच्या सासूनंतर ते काम त्यांच्याकडे आलं. शनिवारी दुपारी घरी भाजून, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून त्या स्वतः हॉलवर आणून देतात. त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेलेला. त्याला तेव्हा नऊ-दहा वर्षं झाली होती. पाय मी बनवलेला. पहिल्यांदा त्या काठीशिवाय उपासनेला चालत आल्या तेव्हा सगळी मंडळी माझ्याकडे वळून बघत होती, हे मला चांगलं आठवतं.

पाळकसाहेबांनी बोलावलं तसे लोक बाकाबाकाने उठून पुढे जाऊ लागले. आमच्याकडे वेदीपुढे लाकडी कठडा आहे, खाली लांब गादी. तिच्यावर गुडघे टेकायचे, ओंजळ पुढे करायची. आमचा बाक उठला. सुगंधाबाई उठल्या नाहीत. त्यांनी पाय आत घेऊन मला जायला वाट करून दिली.

मी परत येऊन बसलो आणि हळूच विचारलं, "बाई, बरं नाही का?"

"बरी आहे की."

"मग पुढे नाही आलात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. "भाऊ, पाय गेल्यापासून मी कधी गेले? मला गुडघा टेकता येत नाही. मागची कड मांडीत घुसते."

नऊ-दहा वर्षं. महिन्यातून एकदा ही बाई सगळ्या मंडळीसाठी भाकर भाजायची आणि स्वतः शेवटच्या बाकावर बसून राहायची. मी दर वेळी वेदीशेजारी उभा होतो, वहीत डोळे घालून गात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"तुम्ही विचारलं होतं, जिने किती, बस चढता का. हे विचारलं नाही. मी शिक्षिका आहे भाऊ, विचारलं तेवढंच उत्तर देते." आणि हसल्या.

आधीच्या पाळकांनी त्यांना जागेवर आणून देतो म्हटलं होतं. त्या नको म्हणाल्या. उभ्याने घ्या म्हटलं, तेही नको. त्या मला म्हणाल्या, "आणून देतात ते आजाऱ्याला. मी आजारी नाही. चांगली चालती-बोलती आहे. अन् उभ्याने कायला घेऊ? माझी सासू ऐंशीव्या वर्षी टेकायची. मी येईन तेव्हा माझी मी येईन."

कुणाला हा हट्ट वाटेल. मला त्या शिंप्यांची आठवण झाली. त्यांनी मागितलं म्हणून मी तीन आठवडे खपलो होतो. माझ्या स्वतःच्या मंडळीतल्या बाईने मागितलं नाही, म्हणून मला सुचलंही नाही.

त्यांचा जुना पाय तसाही ढिला झाला होता. उरलेला पाय वर्षांनी बारीक होत जातो, मग लोक आत मोज्यांवर मोजे चढवतात. नवा द्यायची वेळ झालीच होती. मी त्यांना कारखान्यात बोलावलं आणि नोकरीतली सगळी अक्कल त्या एका पायात ओतली. मागची भिंत उतरवली, काठ वळवला, वाटीपुढे अस्तर, मऊ पाऊल. दांड्यांमध्ये गादी टाकून त्यांना शिकवलं: हात दांडीवर, नकली पायाचा गुडघा आधी खाली, मग खऱ्याचा. उठताना खरा पाय आधी पुढे, त्याच्यावर जोर. त्या चार-पाच खेपांत शिकल्या. शेवटच्या खेपेला गुडघ्यावर असताना त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मी कानस शोधायला आत गेलो.

पुढचा पहिला रविवार आला. मी शेवटच्या बाकावर त्यांच्या शेजारी. बाक उठला, त्याही उठल्या. मंडळीला कळलं होतं. कुणी वळून बघत नव्हतं, पण सगळे बघत होते. त्या मधल्या वाटेने ताठ चालत पहिल्या बाकापर्यंत गेल्या आणि थांबून, इतरांसारख्याच, चपला काढल्या.

दोन पावलं टाकली आणि त्या मागे कलल्या. तिसऱ्या पावलाला बाकाची कड धरली. मी मागेच होतो, हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. तशाच वळल्या, चपलांत पाय घातले आणि परत येऊन बसल्या. मी शेजारी बसलो. त्या दिवशी मीही पुढे गेलो नाही.

"राहू द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "माझीच तयारी नव्हती."

त्यांची तयारी होती. चूक माझी होती, आणि ती मला त्यांच्या चपलांकडे बघताना कळली. दीड बोट उंच टाचेच्या चपला. खऱ्या पायाचा घोटा जमिनीप्रमाणे आपला आपण जुळवून घेतो. रबराचं पाऊल तसं घेत नाही. ते ज्या टाचेला बसवलं, त्याच टाचेला खरं. टाच काढली की पाय माणसाला मागे ढकलतो. कारखान्यात मी त्यांना सगळे दिवस चपला घालून चालवलं होतं. मशिदीत चपला काढतात हे मला आठवलं होतं. माझ्या स्वतःच्या वेदीपुढे काढतात, मी स्वतः जन्मभर काढत आलोय, ते मात्र आठवलं नाही.

मी त्यांना तसं सांगितलं. चारदा सांगितलं. त्या हो म्हणायच्या आणि पाय दुरुस्त करायला कारखान्यात यायच्या नाहीत. दोन महिने भाकर आली, त्या पुढे आल्या नाहीत. मला उपासनेत बसवेना. प्रार्थनेला डोळे मिटले की ते तिसरं पाऊल दिसायचं.

शेवटी एका शनिवारी सकाळी अवजारांची पिशवी घेऊन बरकतपुऱ्याला गेलो. सुनेने दार उघडलं. "आत्या आत आहेत, पीठ मळायल्यात," ती म्हणाली. सुगंधाबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून कणीक मळत होत्या. मला बघून म्हणाल्या, "सलाम भाऊ. आज काही नक्को सांगू. माझे हात भरलेत."

"हातांचं काम नाही, पायाचं आहे," मी म्हणालो. "तुम्ही मळत राहा."

मी तिथेच फरशीवर बसलो. नवा पाय कोपऱ्यात ठेवला होता, पिशवीत गुंडाळून. नळी आणि पाऊल जिथे जुळतात तिथला कोन मी बदलला. फार नाही, दोन पेचांचं काम. त्यांनी मळणं थांबवलं नाही. कणकेकडे बघतच म्हणाल्या, "भाऊ, मला मंडळीपुढे पडायची भीती नाही वाटत. पडलेली पोरं मी जन्मभर उचलली. मला वाटतं, इतकी वर्षं गेले नाही, आता मी तिथे शोभते का."

पाळकसाहेब असते तर काहीतरी चांगलं बोलले असते. मी एवढंच म्हणालो, "बाई, भाकर तुमच्या हातची आहे. तुम्ही नाही शोभत तर आम्ही कोण?"

त्यांनी पिठाचे हात धुतले, नवा पाय चढवला आणि अनवाणी उभ्या राहिल्या. ओट्यापासून दारापर्यंत चालल्या, परत आल्या. मी खालीच बसलो होतो, डोळे मिटून. दोन्ही पावलांचा आवाज सारखा होता.

दुपारी भाकर पोचवायला आम्ही तिघं हॉलवर गेलो. आत कुणी नव्हतं. त्यांनी फडकं वेदीवर ठेवलं, चपला काढल्या, कठड्याला हात लावला. नकली पायाचा गुडघा खाली, मग खऱ्याचा. उठताना खरा आधी. सुनेने एकदा "आत्या, बस्स" म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही. सात-आठ वेळा केलं.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. मी शेजारी गुडघे टेकले, पडल्या तर धरायला म्हणून, पण तशी वेळ आली नाही. पाळकसाहेबांनी त्यांच्याच हातच्या भाकरीचा तुकडा त्यांच्या ओंजळीत ठेवला. मी रडलोच. त्या मात्र शांतपणे उठल्या, खरा पाय आधी, आणि चपला घालून जागेवर गेल्या.

त्या पायाला त्या रविवारचा पाय म्हणतात. तेव्हा आठवडाभर जुनाच वापरायच्या, मोजे चढवून. मी रागावलो, नवा असताना जुना का? म्हणाल्या, "चांगली साडी रोज नेसतात का?"

आता मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. ज्याने जन्मभर लोकांचे गुडघे सांभाळले त्याचेच गेले. मागे एकदा कठड्याशी टेकलो आणि उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून उचललं. लाज वाटली. त्यानंतर मी पाळकसाहेबांना सांगून टाकलं, मला आपलं जागेवर आणून देत जा. ते लगेच हो म्हणाले. चार-पाच महिने तसंच चाललं.

गेल्या महिन्यात पहिल्या रविवारी मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. लोक पुढे जात होते. सुगंधाबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्या हल्ली सुनेबरोबर पुढच्या बाकांवर बसतात. त्या कठड्याकडे जायच्या ऐवजी उलट्या, मधल्या वाटेने माझ्याकडे आल्या.

"आजारी आहात का, भाऊ?"

"नाही हो. गुडघे..."

"मग?"

त्यांनी हात पुढे केला. मी उठलो. आम्ही दोघं हळूहळू पुढे गेलो, पहिल्या बाकाशी चपला काढल्या, कठड्याला हात लावून टेकलो. टेकणं सोपं असतं. भाकर घेतली. मग माझे हात कठड्यावर घट्ट झाले आणि शरीराला काय करायचं ते आठवेना. शेजारून शिक्षिकेच्या आवाजात, पण अगदी हळू, ऐकू आलं, "खरा पाय आधी, भाऊ."

"बाई, माझे दोन्ही खरेच आहेत."

"मग त्यातला बरा."

मी उजवा पाय पुढे घेतला आणि उठलो.